सनशेड घ्यायला जाताना टेप घेऊन जा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्च सरत आला की सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला दोरीवर सनशेड, म्हणजे उभ्या गाडीच्या काचेला लावायचे चंदेरी पडदे, लटकू लागतात. गाडीवाला कडेला थांबतो, काच खाली करतो, दोनशेचा दीडशेला करून घेतो आणि पडदा मागच्या सीटवर टाकून निघून जातो. या सौद्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे याचं माप किती. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. "सगळ्या गाड्यांना बसतंय, न्या की," एवढंच उत्तर. मग तो पडदा आठवडाभर लागतो, कोपऱ्यांतून ऊन येतच राहतं, मधूनच तो डॅशबोर्डवर कोसळतो आणि उरलेला उन्हाळा डिकीत स्टेपनीवर पडून काढतो. गाडी तापायची ती तापतेच. काचकाम, सीटकव्हर आणि ॲक्सेसरीजच्या धंद्यातल्या आम्हां काही जणांना म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

आधी गाडी तापते कशी ते. निरभ्र दुपारी उन्हाकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. लहान गाडीची पुढची काच १३० सेंटिमीटर रुंद आणि ६५ उंच धरली तर ती पाऊण चौरस मीटरहून मोठी भरते. ती तिरकी असते म्हणून थोडी घट धरा, काचेनं शोषलेलं आणि बाहेर परतवलेलं वजा करा, तरी साडेतीनशे वॉटहून जास्त आत उतरतं. जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बचे तीन-चार नग डॅशबोर्डवर पेटवून ठेवावेत तसं. हे ऊन हवेला थेट तापवत नाही. ते डॅशबोर्डवर, स्टेअरिंगवर, सीटवर पडतं, त्या वस्तू तापतात आणि मग त्या आतल्या कोंडलेल्या हवेला तापवतात. तापलेला डॅशबोर्ड जी उष्णता किरणांनी परत फेकतो, ती मात्र काचेतून पार होत नाही. ऊन येताना वाट मोकळी, जाताना दार बंद.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरला, स्टेअरिंग ५३ आणि सीट ५१. आतली हवा ४७ च्या आसपास होती. सर्वांत जास्त तापला तो डॅशबोर्ड, आणि तो पुढच्या काचेच्या थेट खाली. म्हणून पडदा पुढच्या काचेलाच लावायचा. पण त्यातूनच त्याची मर्यादाही कळते. चांगल्या सनशेडनं डॅशबोर्ड आणि स्टेअरिंग यांच्यात हाताला कळेल असा फरक पडतो, आतल्या हवेत मात्र थोडाच. कारण बाजूच्या चार काचा, मागची काच आणि टप यांच्यावर ऊन पडतच असतं. "गाडी एसीसारखी गार राहते" असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवा. तासगावकडची बेदाण्याची शेड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथे वरून छप्पर आणि बाजूनं शेडनेट लावून थेट ऊन अडवतात, कारण ऊन लागलं की बेदाणा काळवंडतो, पण वारा मात्र चारी अंगांनी खेळता ठेवतात. बंद गाडीत यातलं अर्धंच जमतं. ऊन अडतं, वारा नसतो.

आता मापाचा मुद्दा, कारण फसगत बहुतेक तिथेच होते. १३० बाय ६५ च्या काचेवर चारी बाजूंनी नुसती ५ सेंटिमीटरची फट राहिली, तर झाकलेला भाग उरतो १२० बाय ५५. गुणाकार करून पाहा. ८४५० पैकी ६६०० चौरस सेंटिमीटर झाकलं, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त काच उघडी. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटांची फट, डोळ्याला ती क्षुल्लक वाटते. त्यामुळे महागडा कपडा घेऊन आखूड पडदा लावण्यापेक्षा साधा कपडा आणि काठोकाठ माप कधीही बरं.

माप घ्यायला शिंप्याचा कापडी टेप लागतो. सुताराचा लोखंडी टेप काचेच्या बाकावर बसत नाही आणि काचेला ओरखडा पाडतो तो वेगळाच. चार मापं घ्या आणि सगळी गाडीच्या आत बसून घ्या, बॉनेटवर वाकून नव्हे. पहिलं, खालची रुंदी: काच जिथे डॅशबोर्डला भिडते तिथे एका पिलरपासून (काचेच्या बाजूच्या खांबापासून) दुसऱ्या पिलरपर्यंत, काचेच्या बाकाला धरून. दुसरं, वरची रुंदी: टपाच्या कापडाखाली, पिलर ते पिलर. हे माप खालच्यापेक्षा चांगलंच कमी भरेल, कारण काच वर निमुळती होते. तिसरं, मधली उंची: डॅशबोर्डच्या खाचेपासून टपाच्या कडेपर्यंत, काचेच्या उतारावरून. सरळ हवेतून मोजलं तर तिरक्या काचेच्या गाडीत माप हमखास कमी येतं. चौथं माप लोक विसरतात ते आरशाचं: आरशाची दांडी वरून किती खाली येते आणि तिच्या मुळाशी असलेली डबी किती रुंद आहे. नव्या गाड्यांत तिथे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असतो आणि ती डबी तळहाताएवढी असू शकते. दोन बोटांची खाच असलेला पडदा तिथे अडतो, मग माणूस जोर लावतो. आरसा काचेला डिंकानं चिकटवलेला असतो आणि उन्हात डिंक मऊ पडलेला असतो. पुढचं सांगायला नको.

मऊ कपड्याचा पडदा असेल तर रुंदी खालच्या मापापेक्षा २-३ सेंटिमीटर जास्त आणि उंची ३-५ जास्त चालते. जादा भाग खाचेत दबतो आणि वरची कड व्हायझरखाली, म्हणजे ऊन अडवायला खाली करतो त्या फळीखाली, अडकते. ताठ फोमचा किंवा बुडबुड्यांच्या शीटचा असेल तर जादा माप घेऊ नका. तो मध्ये पोट काढतो आणि व्हायझर ढकलून खाली येतो. बाजारात सर्रास मिळणारा घडीचा पडदा १३० बाय ६० चा असतो. लहान गाडीलाही तो उंचीला कमी पडू शकतो, मोठ्या गाडीला तर तो रुमाल. उभट, सपाट काचेच्या जुन्या जीपवजा गाड्यांना आयताकृती पडदा चांगला बसतो. जास्त तिरक्या काचेच्या सेडानला तोच पडदा खालच्या दोन कोपऱ्यांत उघडा पडतो.

प्रकार मुळात चारच. घडीचा फोमचा, तारेच्या रिंगचा, छत्रीसारखा आणि गाडीच्या मापानं कापलेला.

घडीचा पडदा म्हणजे पातळ फोम किंवा बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि वर चकाकता थर. घडी जाडजूड होते, पण त्याचा ताठपणाच त्याला काचेला धरून ठेवतो. तो बिघडतो घडीच्या रेषेवर. तिथला चकाकता थर आधी तडकतो, मग भेगेतून उजेड दिसू लागतो. तारेच्या रिंगचा पडदा थाळीएवढ्या पिशवीत मावतो, त्यामुळे खपतो खूप. त्याचा कपडा पातळ पॉलिस्टरचा असतो. पाकिटावर १९० टी, २१० टी असं लिहितात, तो एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा एकूण आकडा. आकडा मोठा म्हणजे वीण घट्ट, एवढाच त्याचा अर्थ. ऊन परतवायचं काम धागा करत नाही, त्यावरचा चंदेरी लेप करतो. दोन सुट्या रिंगा असलेला प्रकार मध्ये एकावर एक चढवता येतो, म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या काचांना जुळतो. घडी घालताना त्यातच अनेकांची अडचण होते. दोन्ही कडा दोन हातांत धरा, एक मनगट आत आणि दुसरं बाहेर वळवा, रिंगेचा आठाचा आकडा होऊ द्या आणि मग दोन्ही वेढे एकमेकांवर आणा. जोर लावून दुमडलं तर तारेचा सांधा निसटतो आणि टोक कपडा फाडून बाहेर येतं. दुकानातच तीनदा घडी घालून पाहा. तिथे नाही जमली तर भर उन्हात मुळीच जमणार नाही.

छत्रीचा प्रकार आज सगळ्यांना हवा असतो आणि आमचं त्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. उघडायला-मिटायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, हे खरं. बहुतेक दोन मापांत येतो, १२५ बाय ६५ आणि १४० बाय ७९. पण छत्रीला ताण असतो. ती जादा झाली तर दुमडता येत नाही, काड्यांची टोकं काच आणि डॅशबोर्ड दोन्हींवर दाबून बसतात. दांडा नेमका मधल्या टचस्क्रीनवर टेकतो. स्क्रीनवर पांढरे व्रण, चरे, क्वचित तडा, हे सगळं त्या दांड्याचं काम. घ्यायचीच असेल तर दांडा मध्ये वाकणारा घ्या, काड्यांच्या टोकांना रबराची किंवा कापडाची टोपी आहे का ते प्रत्येक काडीवर बोट फिरवून बघा आणि शक्यतो फायबरच्या काड्या घ्या. स्टीलची काडी तासाभरात चांगलीच चटका देणारी होते. लावताना मिटलेली छत्री डॅशबोर्डवर आडवी ठेवा, टोक काचेकडे, अर्धी उघडा, आरशाच्या खाली सरकवा, मग पूर्ण उघडा आणि शेवटी व्हायझर खाली करा. काढताना आधी व्हायझर वर, मग छत्री जागेवरच मिटवायची. उघडी छत्री खेचून काढणाऱ्याच्या डॅशबोर्डवर आठ ओळी उमटतात.

मापानं कापलेला पडदा महाग, पण ऊन अडवण्यात पहिला. तो विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. पत्र्याच्या शेडला, पोल्ट्रीला आतून जी चकाकती बुडबुड्यांची शीट लावतात ती हार्डवेअरवाल्याकडे रोलमधून कापून मिळते. दोन्ही बाजूंना चकाकी असलेली घ्या. बाहेरची बाजू ऊन परतवते आणि आतली बाजू, स्वतः तापली तरी, गाडीत उष्णता कमी फेकते. आधी कागदाचा नमुना करायचा, आणि त्याला वर्तमानपत्राइतका योग्य कागद नाही (वाचून झालेला). उघडी पानं टेपनं जोडून काचेएवढा तुकडा करा, गाडीत बसून आतून काचेला लावा, कडा अंगठ्यानं खाचेत दाबत जा म्हणजे घडी उमटेल. द्राक्षाच्या घडाला पेपर गुंडाळणाऱ्यांचे हात यात सरावलेलेच असतात. आरशाच्या जागी वरून एक उभी चीर द्या आणि डबीएवढं भोक पाडा. नमुना शीटवर ठेवून चारी बाजूंनी १ सेंटिमीटर जास्त राखून कापा. गाडीत बसवून पाहा, आणि नंतरच जिथे अडेल तिथे थोडं थोडं कमी करा. एकदम नेमकं कापलं तर कुठेतरी आखूड पडतंच. कापलेल्या कडेतून बुडबुड्यांची हवा निघते आणि थर सुटायला लागतात, म्हणून कडेला कापडी टेप लावा किंवा शिंप्याकडून गोट मारून घ्या. ही शीट दुमडायची नाही, गुंडाळायची. गुंडाळी केली आणि इलॅस्टिक अडकवलं की मागच्या सीटच्या पायांत मावते. उरलेल्या तुकड्यांत मागच्या दोन दारांच्या काचा होतात.

विकत घेताना कपडा कसा पारखावा याच्या तीन खुणा. मोबाईलचा टॉर्च लावून पडद्याला मागून टेकवा आणि पुढून बघा. चाळणीसारखे ठिपके दिसले तर लेप पातळ आहे. शिवणीवर आणि घडीवर खास बघा. ओला पांढरा रुमाल घेऊन चंदेरी बाजूवर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला चांदी लागली तर तो लेप एका उन्हाळ्याचा सोबती. तिसरी खूण नाकाची. पिशवी उघडताच रसायनाचा उग्र दर्प आला तर तो माल राहू द्या, बंद गाडीत तापल्यावर तो वास दसपट जाणवेल. "अतिनील किरणांपासून संरक्षण" या छापील दाव्याला मात्र भुलू नका. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते आणि तो थर अतिनील किरणं आधीच जवळजवळ सगळी अडवतो. अतिनीलचा प्रश्न बाजूच्या काचांचा आहे, कारण त्या एकेरी आणि टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात.

चंदेरी बाजू बाहेर, काळी किंवा राखी बाजू आत. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण भर रस्त्यात उलटे लावलेले पडदे रोज दिसतात. काळी बाजू बाहेर केली की पडदा ऊन परतवण्याऐवजी पितो आणि स्वतःच गाडीतली शेगडी होतो. नुसत्या काळ्या जाळीच्या पडद्याचंही तेच. सावली देतो, पण प्यालेली उष्णता काचेच्या आतच सोडतो.

पडदा लावायच्या आधी डॅशबोर्ड आणि खाच फडक्यानं पुसा. धुळीवर दाबलेली कड रोज थोडं थोडं घासत राहते. काचेवर आतून तेलकट, धुरकट थर दिसत असेल तर तोही उन्हाचाच परिणाम: डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधला मऊपणा देणारा अंश तापून उडतो आणि काचेवर बसतो. पडदा वापरल्यावर तो थर सावकाश जमतो. डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारून हा प्रश्न सुटत नाही, वर रस्त्यावर त्याचं प्रतिबिंब काचेत दिसून त्रास होतो.

फास्टॅगही लक्षात ठेवा. तो काचेला आतून, आरशाच्या आसपास चिकटलेला असतो. छत्रीची काडी किंवा ताठ पडद्याची कड रोज त्यावरून घासली तर त्याचा कोपरा उचकटतो, आतला तारेसारखा पातळ अँटेना फाटतो, आणि ते कळतं थेट तासवडे टोलनाक्यावर, मागे रांग लागलेली असताना. डॅशकॅमचं, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, याहून अवघड. पडदा आणि काच यांच्या मधल्या पोकळीत ऊन दोनदा जातं, येताना आणि परतताना, त्यामुळे तिथला डॅशकॅम पडदा नसताना तापला असता त्याहून जास्त तापतो. त्यात लिथियम बॅटरी असेल तर ती फुगते. पडदा लावायचा असेल तर कॅमेरा काढून सीटखाली ठेवा, किंवा बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या. मोबाईल, पॉवर बँक, लायटर आणि अत्तराचा स्प्रे डॅशबोर्डवर ठेवायचाच नाही, पडदा असो वा नसो.

पडद्यामुळे काच तडकते का, हे दर उन्हाळ्यात विचारलं जातं. धड काच तडकत नाही. पण खडी उडून आधीच टवका पडलेला असेल तर त्या टोकाशी ताण साठतो, आणि तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत एकदम सोडला किंवा बाहेरून गार पाण्याची बादली ओतली की चीर धावते. दोष पडद्याला लागतो. टवका आधी भरून घ्या. नाण्याएवढा असेपर्यंत भरता येतो, हातभर चीर गेल्यावर काचच बदलावी लागते.

व्हॅक्यूमच्या बटणांवर, म्हणजे सक्शन कपवर, भरवसा ठेवू नये. नव्यात चिकटतात, महिन्याभरात उन्हानं कडक होतात, काचेवर गोल डाग ठेवतात आणि सुटतात. व्हायझरनं धरला जाणारा पडदा घ्या. त्याऐवजी पिलरवर हुक चिकटवायचा मोह होईल, पण पिलरवर एअरबॅगची खूण असेल तर तिथे काहीही चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर तो हुक तिच्या आधी अंगावर येतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवणं कधीही जास्त परिणामकारक, कारण उष्णता आत शिरण्याआधीच थांबते. बाहेरून लावायचे पडदे मिळतात, त्यांच्या बाजूच्या पट्ट्या दारात अडकवून दार लावायचं म्हणजे चोरीला जात नाहीत. पण आपल्याकडे दोन अडचणी. एक धूळ. वाऱ्यानं हलणारा कपडा आणि काच यांच्यात ती पॉलिश पेपरचं काम करते. दुसरी वळीव. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वारा सुटला की पडदा फडफडून निघतो, आणि पाऊस आला की दारात दाबलेल्या पट्टीतून पाणी वातीसारखं रबरातून आत, पायांत उतरतं. चुंबकाचे पडदे पत्र्यावरची धूळ रंगात रुतवतात. दुपारी दोन-तीन तास गाडी उभी करायची असेल आणि परत येऊन काढायची खात्री असेल तर बाहेरचा, एरवी आतला.

बाजूच्या काचांना जाळी लावा, पण चालू गाडीत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवरच्या काळ्या फिल्मबरोबर इतर साहित्यालाही मनाई केली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड पार जावा असं सांगतो. उभ्या गाडीला पडदा लावायला कुणाची हरकत नाही. निघताना काढायचा. अर्धा दुमडून एका बाजूला ठेवलेला पुढचा पडदा तर पोलिसांपेक्षा अपघातासाठी धोक्याचा.

गाडी उभी करण्याचं तंत्र फुकट आहे, म्हणून बहुधा दुर्लक्षित. सांगलीत ७ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, साताऱ्यात त्यानंतर तीन-चार दिवसांनी. घड्याळात ते साडेबाराच्या सुमारास. त्या वेळी गाडीचं तोंड कुठेही असलं तरी फरक नाही, आणि उत्तरेच्या भिंतीलाही सावली नसते. फरक पडतो दोननंतर, सूर्य पश्चिमेला कलल्यावर. पडदा असेल तर पुढची काच पश्चिमेकडे करा, म्हणजे ऊन पडद्यावर आदळेल आणि बाजूच्या काचा वाचतील. पडदा नसेल तर उलटं, पाठ पश्चिमेकडे. विजयनगरला कलेक्टर ऑफिसात किंवा कोर्टात काम असेल तर झाडाच्या वा इमारतीच्या पूर्वेला गाडी लावा. बारा वाजता तिथे ऊन दिसेल, पण काम लांबेल (लांबतंच) तसतशी सावली गाडीवर सरकत येईल. पश्चिमेला सावली बघून लावलेली गाडी तीन वाजता उन्हात असते.

परत आल्यावर पडदा काढताच एसी फुल करून काचा बंद करू नका. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, ती आधी बाहेर जाऊ द्या. समोरासमोरच्या काचा खाली करा, एक-दोन मिनिटं गाडी चालवा, एसी बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. आतली हवा बाहेरच्याइतकी झाली की मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. पडदा लावलाय, काच दोन बोटं खाली आहे, पाच मिनिटांत येतो, म्हणून लेकराला किंवा म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून जाऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २००५ मध्ये आलेल्या अभ्यासात बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली आणि काच थोडी उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडला नाही. वर सांगितलेल्या ॲरिझोनाच्या अभ्यासाचा हिशेब असा की दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उन्हातल्या गाडीत सुमारे तासाभरात ४० अंशांवर जाऊ शकतं, आणि सावलीतल्या गाडीतसुद्धा दोन तासांच्या आत. सनशेड डॅशबोर्डसाठी आहे.

धंदेवाईक बंधूंना एक विनंती. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि जिथे माप महत्त्वाचं तिथे माप छापणं वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांत आहेच. सुट्या, दोरीवरच्या मालालाही स्केच पेननं लांबी-रुंदी लिहून टाकली तर परत येणारा माल निम्मा होईल. आणि गिऱ्हाइकानं मापाची चिठ्ठी पुढे केली तर हसू नका, शेजारच्या गाडीवर उघडून दाखवा. महापालिकेच्या पे-पार्किंगमध्ये पैसे घेतात तिथे निदान एका ओळीवर शेडनेट टाकावं, हेही यानिमित्तानं सुचवतो. नर्सरीवाले रोपांसाठी ७५ टक्के ऊन अडवणारं घेतात, तेच चालेल.

पडदा सांभाळायचा तर वळवात भिजलेला तसाच गुंडाळून डिकीत टाकू नका, बुरशी धरते आणि तो वास जात नाही. महिन्यातून एकदा साध्या पाण्याच्या फडक्यानं चंदेरी बाजू पुसा, साबण किंवा काचेचा स्प्रे लेप सोडवतो. आणि दाराच्या कप्प्यात किंवा सीटच्या पायांत, हाताला येईल असा ठेवा. डिकीत स्टेपनीवर गेलेला पडदा दुसऱ्या दिवशी कुणी काढत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कार ॲक्सेसरीज व काचकाम व्यवसायातील काही जण,
सांगली